गुंठ्याने जमीन विकताना पाणी, वाट आणि उतार विसरू नका

लवळे आता पुण्याच्या वेशीवर आले, असे म्हणायला हरकत नाही. ३० जून २०२१ रोजी सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही शेजारची गावे पुणे महानगरपालिकेत गेली. एका अंगाला हिंजवडीच्या आयटी कंपन्या, दुसऱ्या अंगाला पिरंगुटचे कारखाने आणि टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाचे संकुल. मधल्या पट्ट्यात अजून भाताची खाचरे आहेत, ओढे आहेत, पावसाळ्यात हिरवेगार डोंगर आहेत. शहरातल्या माणसाला इथे घर घ्यावेसे वाटते. त्यात त्याची काही चूक नाही. आणि गुंठ्याचा भाव ऐकल्यावर 'भातात असं काय राहिलंय?' असे शेतकऱ्याला वाटते, त्यातही नवल नाही.

जमीन विकू नका, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, दवाखाना, कर्ज अशी कारणे प्रत्येक घरात असतात. परंतु खरेदीखतात फक्त क्षेत्र आणि रक्कम लिहिली जाते. त्या क्षेत्राबरोबर गावाचे पाणी, वहिवाटीची वाट आणि डोंगराचा उतारही दुसऱ्याच्या हाती जातो. त्याची किंमत कुणीच धरत नाही. ती पुढे विकणारा, घेणारा आणि गाव असे तिघे मिळून भरतात.

कागदावर काय बसते?

शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ चा हा दंडक आजही आहे. विकास योजनेत रहिवासी दाखवलेल्या पट्ट्याला सवलत आहे, पण ती जमीन खरोखर त्या पट्ट्यात आहे की नाही, हे झोन दाखल्यावर पाहायचे, एजंटाच्या तोंडी शब्दावर नाही. कायदा मोडून झालेली खरेदी अवैध ठरू शकते आणि जमीन शासनजमा होऊ शकते. तेव्हा 'शेतकरी दाखला आम्ही करून देतो' असे कुणी म्हणाले, तर तिथूनच मागे फिरलेले बरे.

दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. १९४७ च्या कायद्याने जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरते. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्यासह बहुतेक जिल्ह्यांत ते बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे करण्यात आले. मग दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट विकले जातात कसे? दहा-अकरा गुंठ्यांचा तुकडा पाच-सहा जणांच्या नावे सामाईक घेतला जातो. सातबारावर सगळ्यांची नावे येतात, पण कुणाचा तुकडा कुठे, याची सरकारी मोजणी नसते. खांब रोवून आणि तारा ओढून वाटणी होते. पुढे एकाला विकायचे असेल, तर बाकीच्यांशी वाद. बँकेकडे कर्ज मागावे, तर सामाईक सातबारा पाहूनच बँक फाईल परत करते.

२०२५ साली शासनाने कायद्यात दुरुस्ती करून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले तुकड्यांचे व्यवहार ठरावीक भागांत नियमित करण्याची वाट मोकळी केली. अडकलेल्यांना त्याचा आधार झाला. पण काहींनी त्याचा अर्थ 'आता गुंठा मोकळा झाला' असा लावला आहे. तो बरोबर नाही. ही माफी जुन्या व्यवहारांना आहे, आज नवे तुकडे पाडण्याचा तो परवाना नव्हे. आणि तुकडा नियमित झाला म्हणजे त्यावरचे घर मंजूर झाले, असेही नाही.

घराच्या परवानगीसाठी ३१ मार्च २०१५ पासून पीएमआरडीए आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाचा परवानाही नाही. ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितले पाहिजे. कारण फसलेला माणूस एजंटाला शोधत नाही, तो आधी पंचायतीच्या दारात येतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील, तर महारेराकडे नोंदणी लागते. महारेराची ही व्यवस्था मे २०१७ पासून आहे. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल, तर तो का नाही, हे विचारावे.

विकणाऱ्याच्या हिशोबात राहून जाते ते

आपल्याकडे भाव मोठा दिसतो, पण हातात किती उरते याचा हिशोब कुणी मांडत नाही. शेतजमिनीच्या विक्रीवर आयकर नाही, ही जुनी समजूत आहे. दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन विकली, तर नफ्यावर कर लागतो. सूस आणि बावधन महापालिकेत गेल्यावर ती हद्द लवळ्याच्या अगदी जवळ आली आहे. आधीची दोन वर्षे जमीन कसत असल्यास, आलेल्या पैशातून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर करात सवलत मिळते. पण हे विसार घेण्याआधी ठरवायचे असते. त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटला दिलेली फी वाया जात नाही.

पैसे रोखीने घेण्याची सवयही सोडावी. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय रोखीने आलेला पैसा घरात टिकत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. २०१८ साली आलेल्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटात जमीन विकलेल्या घराची काय गत होते ते दाखवले होते. आपल्या भागात त्यावर वेगळे काही सांगायची गरज नाही.

आणखी एक, बहिणींचा हिस्सा. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो पक्का केला आहे. बहिणीला न विचारता झालेली विक्री कोर्टात गेली, की घेणाराही अडकतो आणि राखीपौर्णिमेला घराचे दारही बंद होते.

पाण्याचा हिशोब

आता गावाच्या हिताचा मुद्दा. आपली जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. पाणी मुरते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. तिथे साठाच मर्यादित आहे. शनिवार-रविवारच्या घराभोवती पाच गुंठे, म्हणजे सुमारे ५०० चौरस मीटर हिरवळ लावली आणि उन्हाळ्यात तिला रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तर दिवसाला २,५०० लिटर झाले. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचे प्रमाण आहे. म्हणजे एका बंगल्याची हिरवळ ४५ माणसांचे पाणी पिते, तेही मालक तिथे राहत नसताना.

उलट बाजूही बघा. १०० चौरस मीटरच्या छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी होते. ते बोअरच्या कडेला शोषखड्ड्यात सोडले, तर घेणाऱ्याने वापरलेले थोडेफार पाणी परत जमिनीत जाईल. भाताची खाचरे हे काम फुकटात करतात. बांधात पाणी अडते आणि हळूहळू जिरते. खाचर बुजवून वर फरशी घातली, की ते थांबते. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन बोअर घेण्यावर १९९३ पासून कायद्याने बंधन आणले आहे. हे अंतर मोजून नकाशावर गोल आखण्याचे काम ग्रामपंचायतीला एका दिवसात करता येईल.

वाट आणि उतार

कंपाउंडची भिंत उभी राहिली, की दोन गोष्टी अडतात, मागच्या शेताची वाट आणि ओढ्याचे पाणी. एकाचे खाचर बुडते, दुसऱ्याचे कोरडे राहते. अशा वेळी १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. 'बघू, पावसाळा संपला की' असे म्हणण्यातच मुदत निघून जाते.

उताराचे तर आपल्या जिल्ह्याने फार भोगले आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. जुलै २०२४ मध्ये आपल्याच तालुक्यात लवासा येथे अतिवृष्टीत दरड बंगल्यांवर आली. डोंगराचा पायथा पोखरून जागा सपाट केली, की वरच्या मातीचा आधार जातो. पोकलेन लागला की हे गावकऱ्याला दिसते. तेव्हाच बोलले पाहिजे.

दुसरीकडे काय झाले

हा प्रश्न एकट्या लवळ्याचा नाही. जिथे हिरवाई असते, तिथे शहराचा पैसा जातो. लवासाची गोष्ट तर जवळचीच आहे. तिथले काम नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने थांबवले आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैसे भरलेले घरखरेदीदार ताटकळत राहिले. गोव्याने २०२३ साली भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. इंडोनेशियात बालीसारख्या हिरव्या बेटावरही परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, मुदतीच्या करारावर घर मिळते. तिथे भाताचे पाणी वाटून घेणाऱ्या 'सुबक' नावाच्या शेतकरी मंडळ्या शेकडो वर्षांपासून आहेत आणि २०१२ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा म्हणून गौरव केला. तरीही तिथे बंगले खाचरात शिरत आहेतच. म्हणजे नुसता कायदा असून भागत नाही, पाण्याचा धनी कोण, हे गावाने ठरवावे लागते.

विक्रीखेरीज दुसरा मार्गही आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून स्वतःच्या शेतात दोन-चार खोल्या काढता येतात. पाहुण्याला आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा भात खाऊ घालून सातबारा आपल्याच नावावर राहतो. सगळ्यांना हे जमेल असे नाही. पण विकण्याआधी विचारात घ्यायला काय हरकत आहे?

ग्रामसभेने काय करावे

येत्या ग्रामसभेत चार गोष्टी विषयपत्रिकेवर घ्याव्यात. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचे ५०० मीटरचे क्षेत्र नकाशावर दाखवणे, वहिवाटीच्या वाटा आणि ओढे यांची यादी करून ती ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या तलाठ्यांकडे देणे, नव्या घराला छपराच्या पाण्याचा शोषखड्डा करायला सांगणे, आणि कचरा व सांडपाणी कुठे जाणार हे आधी लिहून घेणे. घर घेणारा आपला वैरी नाही. नीट कागद आणि नीट पाणी त्यालाही हवेच असते. त्याला ते आधी सांगितले, तर तो गावचा होतो. नंतर सांगितले, तर तो कोर्टात भेटतो.

शेतकरी बंधूंनो, विसार घेण्यापूर्वी आठ दिवस थांबा. सातबारा, आठ अ, फेरफार आणि झोन दाखला काढा, बहिणींना बोलवा, कराचा हिशोब करून घ्या. आठ दिवसांत भाव पळून जात नाही. मात्र एकदा गेलेले खाचर कुठल्याच भावाने परत मिळत नाही.