नवऱ्याचा अबोला आणि मुसळीची पुडी

मैत्रिणींनो, आज जरा नाजूक विषय. पण तुमच्या पत्रांतून तो आडून आडून येतो, तेव्हा एकदा स्पष्टच लिहिते.

आमच्या चिखलदऱ्याला पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. परतताना काही जण हळूच सफेद मुसळी मागतात. माझ्या शेजारणीनंही नवऱ्याला सहा महिने मुसळी दुधातून दिली. तो रात्री पाठ फिरवून झोपायचा. ‘मीच नकोशी झाले’ असं हिनं मनाला लावून घेतलं. शेवटी रक्त तपासलं, तर साखर तीनशेच्या वर!

पुरुषाच्या इंद्रियाला ताठरपणा येतो तो रक्त भरल्यानं. मधुमेह, ब्लडप्रेशर, विडी, खर्रा, दारू यांनी नसा नि रक्तवाहिन्या बिघडतात. तिथल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक; म्हणून कधी कधी ही तक्रार हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. तिला लाज नव्हे, सूचना समजा. पहाटे झोपेत ताठरपणा येत असेल, तर कारण बहुधा मनातलं असतं: काळजी, धास्ती, भांडण. मग दोघांनी मिळून समुपदेशन घ्यावं.

उपाय आहेत. आधी साखर, ब्लडप्रेशर तपासा; तंबाखू सोडायला लावा; रोज चालायला पाठवा. चालू गोळ्यांपैकी एखादी कारण असू शकते, ती डॉक्टर बदलतील. आपण होऊन बंद करू नका. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली सिल्डेनाफिल ही गोळी पुष्कळांना उपयोगी पडते. मात्र मनात इच्छा हवीच, आणि चिठ्ठी डॉक्टरांचीच हवी. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ती मुळीच घेऊ नये. ब्लडप्रेशर एकदम उतरून जीव जाऊ शकतो. गोळी लागू पडली नाही, तर पंप, इंजेक्शन, शेवटी शस्त्रक्रिया.

आणि मुसळी? ती खात्रीनं गुण देते, असं सिद्ध झालेलं नाही. ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकलेल्या काही पुड्यांत हीच गोळी कुटून घातलेली सापडली आहे. हृदयविकाराच्या माणसाला ते किती महागात पडेल!

र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, त्यापायी खटले सोसले. आपण मात्र अजून भिंतीवरची ‘मर्दाना कमजोरी’ची जाहिरात वाचतो.

तेव्हा बायांनो, टोमणा मारू नका, स्वतःलाही दोष देऊ नका. ‘चला, दोघंही साखर तपासून येऊ’ एवढंच म्हणा. शेजारीण तसंच म्हणाली. आता संध्याकाळी दोघं फिरायला जाताना दिसतात, बोलत बोलत.