खोड जुने, पुडी नवी

जुनी मोटार जपावी, याविषयी आता फारसे दुमत राहिलेले नाही. मतभेद होतो तो पुढे. जपावी म्हणजे नेमके काय करावे? इंजिनाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. बिघडले ते दुरुस्त करावे. पण चालकाच्या समोर मीटर बसवलेली जी पट्टी असते, तिच्यावरचे आवरण तडकले आणि आतला स्पंज पिठासारखा झडू लागला, की जाणकारांतही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, हात लावू नका, ते मूळचे आहे. दुसरा म्हणतो, विलायतेहून तयार टोपण मागवा आणि वरून चिकटवून मोकळे व्हा. धारच्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या वडिलांची दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार आहे. तिच्या डॅशबोर्डावरून गेले वर्षभर त्यांच्या घरात हाच वाद चालू आहे. मी त्यात बोललो, तेव्हा गवयाच्या मुलाला मोटारीतले काय कळते, असे मला ऐकवण्यात आले. म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर मांडतो.

माझे वडील दरबारी गवई. १९४८ साली धार आणि देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तेव्हा ते तरुण होते. उत्सवापुरती वाड्यावरची चाकरी त्यांनी पुढेही केली. वाड्यावरच्या मोटारी मी दुरून पाहिल्या. जवळून पाहिले ते तबले आणि तंबोरे. तबल्याचे लाकडी खोड पिढ्यान् पिढ्या टिकते, पुडी टिकत नाही. थापेने आणि हवेने ती निकामी होते, मग नवी चढवावी लागते. पुडी बदलली म्हणून तबला खोटा झाला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. पण फाटक्या पुडीवर दुसरी पुडी चढवणाराही कोणी भेटलेला नाही. डॅशबोर्डाचा सारा न्याय मला या दोन वाक्यांत दिसतो.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. या मोटारींचे डॅशबोर्ड एका जातीचे नसत. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात आलेल्या जग्वार एक्सके १२० या उघड्या गाडीत पट्टीवर चामडे मढवलेले असे. तिच्याच बंद टपाच्या भावंडात अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा दिसे. १९६२ साली निघालेल्या एम.जी.बी.ला पत्र्याचा डॅशबोर्ड होता आणि त्यावर खरबरीत काळा रंग. अपघातात आतील माणसांना इजा कमी व्हावी म्हणून अमेरिकेने १९६८ पासून नवे नियम लागू केले, तेव्हा तिकडे जाणाऱ्या एम.जी.बी.ला जाड, गुबगुबीत डॅशबोर्ड आला. कारखाना ॲबिंग्डन गावचा, म्हणून शौकिनांनी त्याला ‘ॲबिंग्डनची उशी’ असे नाव ठेवले. तेव्हा पहिले काम हे, की आपल्या गाडीला मुळात काय होते ते पाहावे. जेथे कारखान्याने स्पंजाचा पातळ थर दिला होता, तेथे दोन बोटे गादी घालणे हा काही आदर नव्हे. मीटरच्या कडा त्या गादीत बुडतात आणि गाडीचा चेहराच सुजल्यासारखा दिसतो.

हे आवरण मुळात नाशवंत आहे, हेही ध्यानात घ्यावे. विनाइल मऊ राहते ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. उन्हाने ते द्रव्य हळूहळू निघून जाते, आवरण आक्रसते आणि कडांना तडकते. आतल्या स्पंजालाही उष्णता, हवा आणि दमटपणा खातच असतात. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पाठोपाठ पावसाळा येतो. अशा हवेत ‘हात लावू नका’ या सल्ल्याचा अर्थ एवढाच, की भुगा पडत राहू द्या.

कायदाही याबाबतीत आड येत नाही. जुन्या मोटारींच्या नोंदणीचे जे नियम जुलै २०२१ मध्ये आले, त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्या वर्गात बसते. तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आतल्या मढण्याचा प्रश्न अर्थातच मालकाच्या विवेकावर सोपवला आहे. म्हणूनच तो विवेक कसा असावा, हे बोलणे अगत्याचे आहे.

काम असे व्हावे. प्रथम बॅटरीची तार सोडावी. मीटर काढताना प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. पाण्याच्या उष्णतेच्या मीटरला पुष्कळ गाड्यांत केसासारखी बारीक नळी जोडलेली असते. ती मुरडली की मीटर गेलाच. जुने आवरण ओरबाडून काढू नये. अखंड सोडवावे, कारण तोच नव्याचा नमुना. खालची पट्टी, लाकडी असो की पत्र्याची, साफ करून तीच वापरावी. नवा स्पंज मूळच्याच जाडीचा असावा. चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांना लावून थोडे सुकू द्यावे. मग कोमट केलेले आवरण मधून सुरुवात करून टोकांकडे ताणत न्यावे, जसा पुडीला ताण चोहोबाजूंनी सारखा द्यावा लागतो तसा. मीटरची भोके शेवटी कापावीत आणि कडा मागे दुमडून घ्यावी. रंग मंद असावा. चकाकते आवरण उन्हात समोरच्या काचेत उमटते आणि रस्ता दिसेनासा होतो.

तयार टोपण स्वस्त पडते आणि अर्ध्या दिवसात बसते, हे खरे. पण त्याखाली कुजणारा स्पंज तसाच राहतो, आणि पुढे ते काढू गेल्यास जुने आवरणही त्याबरोबर निघून येते. म्हणजे मूळचे जपले असेही नाही आणि नवे केले असेही नाही.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. हे काम करणारा माणूस आपल्याकडे अजून आहे. देवासला गाड्यांची सीटे मढवणाऱ्या एका वृद्ध कारागिराचे काम मी पाहिले आहे. वळणावर कात्री कोठे थांबवावी, हे तो बोटाने चाचपून ठरवतो. त्याचा मुलगा दुकानात बसत नाही. तयार कव्हरांच्या जमान्यात त्याला तेथे पोट दिसत नाही. ज्या देवासात टाटांनी चामडे कमावण्याचा कारखाना काढला, तेथे चांगल्या चामड्याला तोटा नसावा. ज्या धार जिल्ह्यात, पीथमपूरला, मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग २०२१ साली सुरू झाला, तेथे मोटारीचे प्रेम नाही असेही कोणी म्हणणार नाही. माल आहे, शौक आहे. उणीव आहे ती कामाची आणि योग्य मजुरीची. आमच्या धंद्यात आम्ही हे भोगले आहे. दरबार गेले तेव्हा गाणे एका दिवसात संपले नाही. शागीर्द येईनासे झाले, तेव्हा कितीतरी चिजा गवयांबरोबरच गेल्या. विलायतेहून येणाऱ्या प्रत्येक टोपणामागे येथील एका हाताचे काम जाते, हा हिशेब शौकिनांनी करावा.

राहता राहिला भावनेचा प्रश्न. माझ्या स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींचा नव्या मढण्यास विरोध आहे. वळणावर त्या ज्या कडेला हात धरून बसत, तेथले आवरण त्यांच्या बोटांनी झिजले आहे. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला माझे उत्तर असे, की ते जुने आवरण फेकू नये. सुती कापडात सैल गुंडाळून, उन्हापासून दूर, कोरड्या पेटीत ठेवावे. सोबत बदलल्याची तारीख आणि कारागिराचे नाव कागदावर लिहून ठेवावे. नव्याला जुने भासवण्याचा खटाटोप मात्र करू नये. नवे आहे ते नवे दिसू द्यावे. वीस वर्षांनी तेही कोणाच्या तरी बोटांनी झिजेल. त्यासाठी मात्र गाडी पागेत झाकून ठेवून भागणार नाही, ती रस्त्यावर धावली पाहिजे.