आधी अंथरूण, मग पांघरूण

पौष महिना लागला की वरणगावच्या शिवारात रात्री शेकोट्या दिसू लागतात. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या या खानदेशात हिवाळ्यातील काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री दादर आणि हरभरा राखण्यासाठी शेतकरी उघड्यावर निजतो. त्याच्याजवळ काय असते? एक घोंगडी आणि कडब्याच्या चार पेंढ्या.

आपण थंडी वाजली की अंगावर पांघरुणे चढवितो. तो आधी अंगाखाली कडबा पसरतो. माझ्या मते शहाणपण त्याचेच. निजलेल्या देहाची ऊब थंड जमीन शोषून घेते. कडब्यात आणि लोकरीत हवा कोंडून राहते, आणि ही कोंडलेली हवा ऊब सहज बाहेर जाऊ देत नाही. हिमालयात जाणारे गिर्यारोहक पिसांनी भरलेल्या पिशवीत झोपतात. तेही पिशवीखाली जाड चटई अंथरतात, ती याचसाठी!

मुलांनो, सहलीला जाल तेव्हा ही विद्या अवश्य वापरा. मात्र एक भेद विसरू नका. आपण हौसेने एखादी रात्र थंडीत काढतो. तो पिकासाठी अशा कितीतरी रात्री काढतो. आपल्या ताटातील भाकरीत त्याच्या घामाइतकाच त्याच्या जागरणाचाही वाटा आहे.