पाऊल आणि मांजा

संक्रांतीचे पतंग उतरतात, परंतु त्यांचा मांजा झाडांवर तसाच लोंबत राहतो. नायलॉन कुजत नाही. म्हणून सणानंतर कितीतरी दिवस कबुतरे, घारी, बगळे त्यात अडकतात. पक्षी जितका धडपडतो, तितका दोरा पंखात अधिक रुततो.

अशा वेळी पाठशाळेची मुले पिशव्या घेऊन निघतात आणि हाताशी येणारा मांजा गोळा करतात. झाडावर चढायचे नाही, विजेच्या तारांजवळ जायचे नाही, हे त्यांना बजावलेले असते. जखमी पक्षी आढळला तर रुतलेला दोरा ओढू नये, चोचीत पाणी ओतू नये. भोके पाडलेल्या खोक्यात त्याला शांत ठेवून पशुवैद्याकडे न्यावे, हेही ती शिकतात.

मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा याच मुलांनी ऐकलेली असते. वणव्यात सारे प्राणी एका मोकळ्या जागी दाटीने उभे होते. हत्तीने अंग खाजविण्यासाठी पाय उचलला आणि त्या जागी एक ससा येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस तो पाय खाली टेकविला नाही. त्याने सशाला काही दिले नाही; केवळ स्वतःचे पाऊल आवरले.

कथा ध्यानी असलेले एखादे मूल मग दुकानात येऊन विचारते, ‘पप्पा, हाच मांजा आपण विकतो ना?’

या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. धर्माचे उत्तर त्याहून पुष्कळ जुने आहे. हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे, म्हणजे हिंसादान, हा अनर्थदंडाचाच एक प्रकार आहे आणि श्रावकाने त्याचा त्याग करावयाचा असतो.

‘आपण विकला नाही, तर शेजारचा विकेल,’ असे व्यापारी म्हणेल. ते खरेही असेल. परंतु इतर प्राणी आपापले पाय कोठे ठेवतात, हे त्या हत्तीने पाहिले नाही. तो स्वतःच्या पावलापुरता उत्तरदायी राहिला.

हंगामात चार पैसे कमी मिळतील. परंतु मुलाने रविवारी झाडावरून उतरविलेला दोरा सोमवारी वडिलांनीच विकला, तर पाठशाळेचा धडा पुसला जाईल. त्याच्या प्रश्नाचे उत्तर गल्ल्यावर बसलेल्या वडिलांनीच द्यावयाचे आहे.