चिमणीला विटाळ ठाऊक नाही



२० मार्च हा जागतिक चिमणी दिन. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने पुढाकार घेतला आणि २०१० पासून तो पाळला जातो. कौले जाऊन स्लॅब आले, वळचणीची आणि तसबिरीमागची जागा गेली, म्हणून लोक चिमण्यांसाठी परसात लाकडी खोकी टांगतात. पण खोके टांगून काम संपत नाही.

चिमणी त्याच घरट्यात वर्षातून दोन-तीनदा पिल्ले काढते. जुने गवत, पिसे, विष्ठा साचते आणि त्यात रक्त पिणारे बारीक किडे होतात. ते फार झाले की पंख फुटण्याआधीच पिल्लू बाहेर पडते. मुले उचलायला धावली की घरातले कुणीतरी ओरडते, "शिवू नका! माणसाने शिवलेले पिल्लू चिमण्या घरात घेत नाहीत."

हे खरे नाही. हात लागला म्हणून चिमणी पिल्लू टाकत नाही. शिवाशिव माणसाने काढली आणि बिचाऱ्या चिमणीच्या माथी मारली. उघडे पिल्लू खाली दिसले तर हलक्या हाताने उचलून घरट्यात ठेवावे आणि हात साबणाने धुवावेत.

आता सफाईचे. अंडी ११ ते १४ दिवसांत फुटतात, पुढे दोनेक आठवड्यांत पिल्ले उडतात. तोवर खोके हलवू नये. विटाळ होतो म्हणून नव्हे, तर चिमणी बिथरली की अंडी थंड पडतात म्हणून. मोठी सफाई डिसेंबर-जानेवारीत करावी. पावसाळ्यापूर्वी पुन्हा पाहावे. अंडी-पिल्ले नसतील तरच हात घालावा.

नाकाला फडके बांधून जुने घरटे काढावे. खोके कढत पाण्याने घासून कडक उन्हात वाळवावे. फिनेल, ढेकणाचे औषध, आतून रंग, यांतले काही नको. भोक सव्वा इंचाचे ठेवावे. मोठे झाले तर साळुंक्या घुसतात. आपल्या कोल्हापूरचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून तोंड पूर्वेला करावे. बुडाला पाणी निथळण्यापुरती बारीक भोके पाडावीत. खिळा, तार हलवून पाहावी. मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर, आठ-दहा फुटांवर खोके टांगावे.

हे काम मुलांना बरोबर घेऊन करा. हाताने चिमणी बाटत नाही, हे त्यांना डोळ्यांनी पाहू द्या.