घनचक्कर, मुडा आणि कात्राबाईच्या वाटा अधिकृत करा

प्रति,
मा. मुख्य वन्यजीव रक्षक,
महाराष्ट्र राज्य, नागपूर

विषय : कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील अपरिचित शिखरांच्या पायवाटा अधिकृत करून त्यांची देखरेख ग्रामसभांकडे सोपवण्याबाबत.

महोदय,

१९८६ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात येणाऱ्यांचा भार मोजक्या ठिकाणांवर पडतो. बारीहून कळसूबाईला (१,६४६ मीटर) जाणारी वाट, कोकणकडा, रतनगड आणि सांधण दरी येथे पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना रीघ लागते. याच अभयारण्यातील दीड हजार मीटरच्या आसपास उंचीचे घनचक्कर आणि मुडा, तसेच कुमशेत व रतनवाडी यांच्यामधली कात्राबाई या शिखरांकडे जाणारे थोडे. पण जे जातात ते मोबाइलवर उतरवलेल्या जीपीएस ट्रॅकच्या भरवशावर, कुठेही नोंद न करता. इथल्या सोंडांवर जागोजागी ढोरवाटा फुटतात. श्रावणातल्या धुक्यात आणि कमरेएवढ्या गवतात त्यांतली खरी वाट परक्याला ओळखू येत नाही, आणि चुकीच्या वाटेने उतरणारा थेट कड्याच्या माथ्यावर येऊन अडकतो. अशा वेळी बचाव पथक आणि गावकरी यांना शोध कुठून सुरू करावा हेही ठाऊक नसते. धोका डोंगराच्या उंचीत जितका आहे, तितकाच तो या बेनोंद येण्याजाण्यात आहे.

वाटा अधिकृत केल्या तर ही शिखरेही गर्दीखाली चिरडली जातील, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. परंतु कळसूबाईचा धडा वेगळा आहे. तिथे लोखंडी शिड्यांनी चढ सोपा झाला. चढ सोपा करणे आणि संख्या आवरणे ही कामे मात्र बरोबरीने व्हायला हवी होती. म्हणून आम्ही पायऱ्या, रेलिंग किंवा सिमेंटचे बांधकाम मागत नाही. कातळटप्पा अवघड आहे तसाच राहावा. त्याची माहिती पायथ्याशी मिळावी आणि वर जाणाऱ्यांची संख्या आधीच ठरलेली असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पावसाळ्यात सरसकट बंदी घालणे अधिक सुरक्षित, असेही म्हटले जाते. बंदी नाक्यावर लागू होते, रानातल्या दहा वाटांवर नाही. नियम पाळणारा घरी राहतो, न पाळणारा आडवाटेने चढतो, आणि गावातल्या वाटाड्याचा व जेवणाची सोय करणाऱ्या घराचा हंगाम बुडतो. कायद्याचीही अडचण नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देता येतो. देखरेखीला कर्मचारी अपुरे पडतील, ही शंका रास्त आहे. पण २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेशी सल्लामसलत करून करणे बंधनकारक केले आहे. या शिखरांच्या पायथ्याची अकोले तालुक्यातील गावे मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजांची आहेत. प्रत्येक खिंड आणि पाण्याची प्रत्येक जागा त्यांना माहीत आहे. ज्यांना डोंगर कळतो त्यांच्याच हाती देखरेख देणे वनखात्यालाही सोयीचे आहे.

यास्तव आमच्या मागण्या :

१. शिरपुंजे, आंबित, कुमशेत व रतनवाडी येथील ग्रामसभांच्या संमतीने प्रत्येक शिखराची एकेक वाट निश्चित करावी. ती फाट्यांवर दगडांवरील साध्या खुणांनी दाखवावी आणि माथ्यावर मुक्कामास मनाई असावी.

२. दैनंदिन संख्येला मर्यादा आणि पायथ्याशी नोंदवही असावी, तसेच स्थानिक वाटाड्या सक्तीचा असावा. प्रवेशशुल्क ग्रामसभेकडे जमा व्हावे.

३. वाटाड्यांना प्रथमोपचार व बचावकार्याचे प्रशिक्षण आणि दोर, स्ट्रेचर आदी साहित्य द्यावे.

४. वणव्याच्या काळात, तसेच आग्या मोहोळ किंवा गिधाडांची घरटी असलेल्या कड्यांजवळ वाट तेवढ्यापुरती बंद ठेवण्याचा अधिकार वनरक्षक व ग्रामसभेस संयुक्तपणे असावा.

येत्या पावसाळ्यापूर्वी या गावांत संयुक्त पाहणी करून निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विनीत,
सह्याद्रीतील गिर्यारोहक व पदभ्रमंती करणारे नागरिक

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर