जीपची जाळी

जुनी वस्तू दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला पहिला मोह पडतो तो नवे आणण्याचा. आमचे दादाही त्याला अपवाद नव्हते. वडिलांची जीप कित्येक वर्षे सिल्वासाच्या घरामागे उभी होती. ती पुन्हा चालती करायचे ठरले, तेव्हा दादांनी सर्वांत आधी बाजारातून चकचकीत तयार जाळी आणली. जुनी भंगारात जाणार होती.

सायलीत पत्र्याचे काम करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांनी नवी जाळी गाडीपुढे धरून पाहिली आणि खाली ठेवली.

"साहेब, भोके जुळत नाहीत. ओढूनताणून बसवली तर बॉनेट लागायचे नाही."

जीपची जाळी हा नुसता दागिना नव्हे. दोन्ही मडगार्डे तिलाच बोल्टने जोडलेली, दिवे तिच्यातच बसवलेले आणि तिच्या फटींतून आत जाणाऱ्या वाऱ्यावर रेडिएटर थंड राहणार. ती थोडी सरकली, की गाडीचे सारे तोंडच वाकडे होते.

या जाळीला इतिहासही आहे. 1941 साली विलिस कंपनीने अमेरिकी सैन्यासाठी केलेल्या सुरुवातीच्या जीपांची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडून बनवीत. पुढे फोर्डने पत्रा दाबून नऊ फटींची जाळी काढली आणि 1942 मध्ये विलिसनेही तीच स्वीकारली. 1945 च्या नागरी जीपमध्ये दिवे मोठे झाले आणि फटी सात उरल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपा जोडायला घेतल्या. वडिलांची उंच बॉनेटची जीप त्याच घराण्यातली.

मिस्त्रींनी जुनी जाळी खरवडली. वरचा भाग शाबूत होता. कुजली होती ती खालची पट्टी. आपल्याकडच्या पावसातला चिखल नेमका तिथेच साचतो. पूर्वी कोणीतरी लांबी भरून वर रंग दिला होता आणि आत गंज सुखेनैव वाढत होता. मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना कापला, पत्र्यावर आखला आणि कुजलेल्या जागेपुरताच नवा तुकडा घडवला. पातळ पत्र्याला सलग वेल्डिंग केले, तर उष्णतेने तो वेडावाकडा होतो. म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थांबायचे. टाके पक्के करण्यापूर्वी जाळी तीनदा गाडीवर चढली आणि उतरली.

डाव्या दिव्यापाशी एक जुना पोचा होता. आई गाडी शिकत असताना आंब्यावर आदळली, तेव्हाचा. "एवढा राहू द्या, आठवण आहे," दादा म्हणाले.

आई शेजारीच खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "त्या पोच्यामुळे दिवा रस्ता सोडून शेतात पडायचा. ह्यांना रात्री फार जपून चालवावी लागे. कधी बोलले नाहीत. काढा तो."

मिस्त्रींनी मागून ठोकळा लावून पोचा हळूहळू उठवला. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून दिवे लावले. दोन्ही प्रकाश एका उंचीवर पडलेले पाहून आई उठून आत गेली.

आपल्यापैकी कोणाच्या अंगणात अशी गाडी असेल, तर बाजारात जाण्यापूर्वी ती एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवावी. आणि ज्यांनी ती वापरली, त्यांनाही एकदा विचारावे. आमची नवी जाळी अजून माळ्यावर, कागदात गुंडाळलेलीच आहे.